बिनमिरचीचा डबा

माझा आवाज मोठा आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. आई इथल्याच सरकारी शाळेत मराठी शिकवायची आणि मी तिच्याच शाळेत होते. "तुझ्या वर्गात काय चाललंय ते मला माझ्या वर्गात ऐकू येतं," असं ती म्हणायची, आणि त्यात फार काही वाढवून सांगितलेलं नसायचं. नोकरी लागली म्हणून ती कोकणातून सिल्वासाला आली, "दोन वर्षं काढू आणि परत जाऊ" म्हणत म्हणत इथेच निवृत्त झाली. मी वकील झाले, काळा कोट घालून तिच्यासमोर उभी राहिले, तेव्हा डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. "चला, आता तरी त्या आवाजाचा उपयोग होईल," एवढंच म्हणाली.

उपयोग व्हायला आधी अशील यायला हवं ना! कारखान्यांच्या सायली गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर झेरॉक्सच्या दुकानावर मी एक खोली भाड्याने घेतली. मराठी, गुजराती, हिंदी अशा तीन भाषांत पाटी रंगवली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा त्या पाटीखाली बसायचे. खालून कंपन्यांच्या बसगाड्या माणसं भरून जायच्या, त्यातलं एकही माणूस जिना चढून वर यायचं नाही. कधीमधी झेरॉक्सवाला उकाडा होतो म्हणून माझ्या पंख्याखाली येऊन बसायचा, तेवढीच काय ती वर्दळ.

माझं काय चुकतंय ते काकांनी सांगितलं. काका म्हणजे नात्याने कुणी नव्हेत. इथले जुने गुजराती वकील, पांढऱ्या मिशा, कोटाच्या खिशात कायम वेलदोडे. मला मुलीसारखं मानायचे, पण हाक मात्र "बेन" अशीच मारायचे. ते म्हणाले, "बेन, दहा ते सहा तू कोणासाठी बसते? दहा ते सहा सगळा गाव मशीनवर उभा असतो. तुझा ऑफिस तू त्यांच्या सुट्टीच्या वारी उघड. आणि बाकीच्या दिवशी खोलीत बसू नको. चालो, चा पी लईए."

कचेरीच्या आवारात, चिंचेच्या झाडाखाली एक चहाची टपरी आहे. काकांनी मला तिथे रोज उभं केलं. टायपिस्ट, नोटरी, खात्यातले कारकून, पोलीस चौकीतले साहेब, सगळ्यांना ते सांगायचे, "ही आपली बेन आहे. आवाज मोठा आहे, मन पण मोठं आहे." निम्मे लोक आईचे विद्यार्थी निघायचे आणि मग आईच्या छडीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. हळूहळू माझ्याकडे कामं येऊ लागली. दुधनीचा एक म्हातारा जमिनीच्या नोंदीसाठी यायचा, तो दर खेपेला धरणातले मासे घेऊन यायचा आणि ते घेतल्याशिवाय कागद पुढे करायचा नाही.

पुढे काका आणि मी एकमेकांविरुद्धही उभे राहू लागलो. आत सुनावणीत आम्ही अगदी कडाकडा भांडायचो. बाहेर आलो की काका वेलदोडा काढून द्यायचे, टपरीवर दोन चहा सांगायचे, आणि मघाशी कोण काय बोललं यावर आम्ही टाळ्या देऊन हसायचो. आमच्या धंद्यातली ही गोष्ट मला फार आवडायची. खरं सांगते, मला तिचा गर्व होता. आपल्याला माणसं जोडता येतात, असं मी स्वतःला सांगायचे.

असंच एकदा सुट्टीच्या वारी दोन भाऊ जिना चढून आले. धुळ्याकडचे. मोठा तिशी ओलांडलेला, मागे केस विंचरलेले, धाकटा विशीतला. धाकट्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. सायलीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनमध्ये त्याची मधली तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. आणि ज्या ठेकेदाराने कामाला लावलं, तो म्हणत होता, "हा माणूस आमचा नाहीच. कोणीतरी बाहेरचा आत घुसला आणि मशीनला हात लावला."

माझा पारा चढला. "घुसला म्हणे! कारखान्यात काय तमाशा बघायला घुसला?" मी वही ओढली आणि प्रश्न सुरू केले. कधीपासून काम करतोस? मोठा म्हणाला, "आठ महिने झाले, मॅडम." गेटपास? "त्या धावपळीत हरवला." हजेरीचा काही कागद? "कागद सगळे ठेकेदाराकडे." धाकटा जमिनीकडे बघत बसला होता. मी भराभर लिहिलं, नुकसानभरपाईचा अर्ज तयार केला आणि कामगार खात्यात दाखल केला. ठेकेदाराकडून उभे राहिले काका. मला उलट बरंच वाटलं. निदान समोरचा माणूस सभ्य आहे, म्हटलं.

पण त्या दोघांचं काहीतरी बिनसलेलं होतं. मी विचारायचे धाकट्याला आणि उत्तर द्यायचा मोठा. आधी आठ महिने म्हणाला होता, मग दिवाळीपासून म्हणाला, मग विचार करून सांगतो म्हणाला. मी ओरडले की दोघं गप्प. मला वाटायचं, गावाकडची बुजरी माणसं आहेत. साक्षीदार तरी शोधावा म्हणून एक दिवस मी सायलीला, हे दोघं जिथे जेवायचे त्या खानावळीत गेले.

खानावळ एका मावशीची होती. ती पण धुळ्याकडचीच. नवऱ्याबरोबर इथे आली, नवरा गेल्यावर चुलीपुढे उभी राहिली आणि निम्म्या सायलीला जेवू घालू लागली. पत्र्याच्या शेडमध्ये एका भिंतीला डबेच डबे रचलेले. प्रत्येक झाकणावर ऑइलपेंटने खुणा: रंग गेटचा, रेघा पाळीच्या, एक रेघ म्हणजे पहिली पाळी, दोन म्हणजे दुसरी. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं, पण डबा कधी चुकला नाही.

"जेवली का तू?" हा तिचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "जेवण राहू दे मावशी, मी कामासाठी आलेय." ती म्हणाली, "काम कुठं पळून चाललंय? बठ. आधी जेव." आणि समोर ताट आलंच. कळण्याची भाकरी, शेवभाजी, वर ठेचा. मी जेवता जेवता विचारलं, "त्या बोटं गेलेल्या मुलाला आठ महिने तुम्हीच डबा देत होतात ना? तेवढं कामगार खात्याच्या साहेबांसमोर सांगाल का?"

मावशीचा भाकरी थापता हात थांबला. "आठ महिने? तुले कोणी सांगितलं? त्यो तर आखाजीले आला. दहा दिवस झाले आणि बिचाऱ्याचा हात गेला."

मी हातातला घास खाली ठेवला. मावशीला वाटलं होतं, वकिलीणबाईला सगळं माहीत असणार. तिने भिंतीवरून एक डबा काढला. झाकणावर निळा रंग, एक रेघ आणि बाजूला पांढरा ठिपका. "हा मोठ्याचा डबा. पांढरा ठिपका म्हणजे बिनमिरचीचा. त्याले मिरची चालत नही, पोटात आग व्हते. चार वर्षं त्याले फिकं वरण देते मी. आखाजीले त्यो गावाले गेला, बहिणीले सासरहून आणायले. दहा दिवस त्याच्याच डब्यात ठेचा गेला. म्हणजे खाणारं तोंड दुसरं होतं ना, माय."

मग मला सगळं उलगडलं. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे यांच्या आखाजीला, इथला निम्मा खानदेश गावी जातो. रजा मागितली की ठेकेदार कामावरून काढतो. म्हणून जाणारा आपला पास भावाला नाहीतर चुलतभावाला देऊन जातो. पासवर नाव एकाचं आणि मशीनवर उभा दुसरा. दहा दिवसांनी मूळ माणूस परत येतो, बदली गावी जातो, कुणाचं काही अडत नाही. यंदा अडलं. ठेकेदाराच्या हजेरीत त्या दिवशी मोठा भाऊ हजर होता, आणि मोठ्याच्या हातांना दहाच्या दहा बोटं होती.

मी ताट अर्धं टाकून उठले. मावशी "अगं, अगं" करत राहिली. मागच्या गल्लीत भावांची खोली होती. तिथे उभी राहून मी जी काही तोंडाची वाफ दवडली, ती अख्ख्या चाळीने ऐकली. "मला तोंडघशी पाडायला निघालात का? मी आठ महिने म्हणून लिहून दिलंय! वकिलाशी खोटं बोलता? मग वकील कशाला केला? जा, दुसरा बघा!"

मोठा मान खाली घालून उभा राहिला. आणि मग धाकटा बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलला.

"मॅडम, तुम्ही त्यांच्या वकिलासोबत चहा पिता."

"काय?"

"आम्ही सुनावणीच्या पहिल्या तारखेला आलो होतो. तुम्ही दोघं टाळी देऊन हसत होता. त्यांनी तुम्हाला खिशातून काहीतरी काढून दिलं. तुम्हाला खरं सांगितलं असतं, तर ते चहासोबत तिकडे गेलं असतं. माझी बोटं तर गेलीच आहेत. याची नोकरी पण गेली असती."

वेलदोडा! काकांनी दिलेला वेलदोडा! मी उंबऱ्यावरच बसले. मोठा भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. "ताई, ती बोटं माझी जायची होती. पास माझा, मशीन माझं. मी तिकडे बहिणीच्या आखाजीच्या झोक्याला दोरी बांधत होतो आणि इकडे..." मीही रडले, लपवायचं कशाला? लाज वाटत होती. मी त्या मुलाला तारखा विचारल्या, कागद विचारले. हात दुखतो का, हे एकदाही विचारलं नव्हतं.

मी त्यांना सांगितलं की अशिलाची गोष्ट वकिलाच्या पोटातच राहते, समोर सख्खा बाप उभा असला तरी. त्यांनी मान डोलावली. धाकट्याने विचारलं, "मग चहा का पिता?" "नाही पिणार," मी म्हटलं. "तुमचा निकाल लागेपर्यंत नाही."

दुसऱ्या दिवशी काकांनी नेहमीप्रमाणे हाक मारली. मी म्हटलं, "काका, आता ही केस संपेपर्यंत नको. माझे अशील बघतात." ते रागावतील असं वाटलं होतं. "सारूं, बेन, ठीक छे," म्हणाले आणि एकटेच टपरीवर गेले. नंतरचे काही महिने ते टपरीकडे तोंड करून चहा प्यायचे, मी कचेरीच्या जिन्याखाली उभी राहून पाण्याची बाटली. मला फार वाईट वाटायचं. त्यांच्याशिवाय या गावात मला कुत्रं विचारत नव्हतं, हे मी विसरले नव्हते.

इकडे भावांपुढे एकच प्रश्न होता. खरं सांगितलं तर मोठ्याची नोकरी जाणार, हे नक्की. आणि नाही सांगितलं तर धाकट्याला एक छदाम मिळणार नाही, उजवा हात असा घेऊन तो जन्मभर करणार काय? त्यांनी ठरवायला दोन दिवस मागितले. मोठा दुसऱ्याच दिवशी आला. "लिहा, ताई. माझ्या पासवर तो होता, असं लिहा. नोकरी गेली तर दुसरी बघेन. बोटं दुसरी कुठून बघू?"

पण नुसतं तेवढं पुरणार नव्हतं. ठेकेदार म्हणाला असता, तुम्ही दोघांनी मिळून आम्हाला फसवलं. बदली माणूस उभा आहे हे त्यांच्या माणसाला माहीत होतं, असं दाखवायला हवं होतं. मी परत खानावळीत गेले. मावशी रुसून बसली होती. "ताटावरून उठून गेली तू. असं कोणी करतं का?" मी निमूट बसले, तिने पुन्हा वाढलं, आणि ताट चाटूनपुसून होईपर्यंत एक अक्षर बोलले नाही.

मग विचारलं, "मावशी, दहा दिवस त्या डब्यात ठेचा टाकायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

"ठेकेदाराच्या सुपरवायझरने. त्याचाबी डबा माझ्याकडेच शे. त्याने फोन केला ना: मावशी, भाऊ गावाले गेला, धाकटा उभा शे, पोऱ्या फिकं खात नही, ठिपक्याच्या डब्यात ठेचा टाक."

मला तिला मिठीच मारावीशी वाटली. पण तिच्याकडे बघितलं आणि हात आवरला. ती हे साहेबांसमोर बोलली, तर त्या गेटचे सगळे डबे दुसऱ्या दिवशी बंद होणार होते. तिलाही ते कळत होतं. तिने तीन भाकऱ्या थापल्या, तव्यावर टाकल्या, उलटल्या.

"कधी यायचं शे?" तिने विचारलं.

मी अर्ज दुरुस्त करायची परवानगी मागितली. काकांनी कडाडून विरोध केला. आधी आठ महिने म्हणता, आता दहा दिवस म्हणता, यांच्या कोणत्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा? त्यांचं बरोबरच होतं, मी त्यांच्या जागी असते तर टेबलावर हातही आपटला असता. मी सरळ सांगितलं, "माझे अशील घाबरले होते, आणि त्यांची भीती घालवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही." साहेबांनी दुरुस्ती मान्य केली.

साक्षीच्या दिवशी मावशी हिरवं नऊवार नेसून, डबा पिशवीत घेऊन आली. साहेबांना मराठी येत होती, ते बरं झालं. काकांनी उलटतपासणी सुरू केली. "बाई, तुम्ही रोज किती लोकांचा स्वयंपाक करता? एवढ्यांमध्ये एका डब्यात ठेचा होता की नव्हता, हे तुम्हाला कसं आठवतं?"

मावशीने त्यांच्याकडे दया येऊन बघितलं. "साहेब, तुमच्या घरी कोण काय खातं, हे तुमच्या बायकोले इचारा. तिले आठवतं का नही बघा."

दालनात हशा पिकला. साहेबसुद्धा हसले. काकांनी मिशीवरून हात फिरवला, हातातला कागद बघितला, आणि सुपरवायझरच्या फोनबद्दल एक प्रश्न विचारला. मावशीने मला सांगितलं होतं तसंच, शब्द न शब्द सांगितलं. "भाऊ गावाले गेला, धाकटा उभा शे." काका खाली बसले. आणखी प्रश्न नाहीत म्हणाले. त्या दिवशी बाहेर आल्यावर ते ठेकेदाराला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत होते. ठेकेदार हात नाचवत होता, काका नुसती मान हलवत होते.

पुढच्या तारखेला तडजोड झाली. धाकट्याला नुकसानभरपाई मिळाली, कायद्याने बसत होती तेवढी, पुरी. मोठ्याची नोकरी मात्र त्याआधीच गेली होती, आणि मावशीचे निळ्या रंगाचे डबे बंद झाले होते. मोठा दादऱ्याच्या एका कारखान्यात लागला. मावशीने निळी झाकणं घासून काढली आणि दुसऱ्या गेटचा पिवळा रंग दिला. "रंगच तर बदलायचा," म्हणाली. पांढऱ्या ठिपक्याचा डबा तेवढा तसाच ठेवला.

सह्या झाल्या. मी कागद घेऊन बाहेर आले तर दोघं भाऊ गायब. एक शब्द न बोलता! माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू. तेवढ्यात चिंचेखालून काकांची हाक आली, "बेन! हवे तो चा पीशो ने?" आता तरी चहा पिणार ना, म्हणून विचारत होते.

टपरीवर मोठा उभा होता. त्याने पाच चहा सांगितले होते: मावशीला, काकांना, मला, आणि त्या दोघांना. धाकटा एक ग्लास घेऊन माझ्याकडे आला. तो त्याने उजव्या हातात, अंगठा आणि करंगळीच्या मध्ये धरला होता. वाफा निघत होत्या, तरी घाई न करता, एकेक पाऊल जपून टाकत तो आला.

"अरे, भाजेल! खाली ठेव ना," मी ओरडले.

"नाही भाजत, ताई. उरलेल्या बोटांच्याही नसा गेल्या, तिथं आता काही कळत नाही." तो हसला. "घ्या. आता सगळ्यांसमोर प्या."

मी ग्लास घेतला. चटका चांगलाच बसला, पण मी तो खाली ठेवला नाही.